खसखशीएवढा जीव

आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. शिरोळ तालुक्यातल्या आम्हा जैन घरांतून कन्नडचे असे चार शब्द अजून टिकून आहेत. वडील गेल्यावर दोन वर्षं अव्वा गावाकडं एकटी राहिली. मग गुडघे कुरकुरायला लागले, विहिरीच्या पायऱ्या चढवेनात, आणि मी तिला कोल्हापूरला आमच्या फ्लॅटवर आणली. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून एक खोली रिकामीच होती. पूर्वेकडची, मोठ्या खिडकीची. ती तिला दिली. खिडकीखाली पलंग, पलंगाशेजारी तिचा पोथीचा चौरंग आणि गाळलेल्या पाण्याचा तांब्या. तिला खोली आवडली होती.

चार-पाच महिने चांगले गेले. मग एक दिवस सकाळी मी कामावर निघायच्या गडबडीत उभ्याउभ्या चहा पीत होतो, तेव्हा ती मानेवरून हात फिरवत बाहेर आली.

"बाळ, तुला काय चावतंय का रं?"

"न्हाय. डास असतील, अव्वा."

"डास कळत न्हाय व्हय मला? ह्ये बारीक हाय. खसखशीएवढं. आधी मानंवर फिरतंय, मग परकराच्या नाडीखाली जाऊन बसतंय."

मी संध्याकाळी येताना डास मारायचं मशीन आणलं, तिच्या खोलीत लावलं आणि विषय संपला असं समजलो.

माझी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, तिथल्या तपासणीच्या लॅबमध्ये आहे. ओतलेल्या लोखंडाचा छोटा तुकडा कापायचा, घासून आरशासारखा करायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरून आतली रचना बघायची, हे मी अठ्ठावीस वर्षं करतोय. आत ग्राफाइट कसं बसलंय, कुठं बारीक भोक राहिलंय, हे मी बघून सांगतो आणि मग माल पुढं जातो. हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

आठवडाभरात अव्वाच्या मानेवर, काखेजवळ आणि कमरेभोवती बारीक लाल पुरळ उठलं. बायको शाळेत शिक्षिका आहे. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून आली आणि तिनं खोली हातात घेतली. तिचं लहानपण जुन्या पेठेतल्या चाळीत गेलेलं, त्यामुळं ढेकूण तिच्या पूर्ण ओळखीचे. गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकली, शिवणी उसवून बघितल्या, पलंगाच्या फळ्या काढून फटीत सुई फिरवली. ढेकूण असले की गादीच्या शिवणीवर काळे ठिपके पडतात, उशीला एक वास येतो. तसं काहीच नव्हतं. चादरी उकळत्या पाण्यात घातल्या. अव्वाचे केस विंचरून उवा बघितल्या. त्याही नव्हत्या.

"अहो, काही नाहीये," ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "मी सगळं बघितलं."

दोन दिवसांनी अव्वानं दंड पुढं केला. ताजं पुरळ होतं.

मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. पाठीला पंप, तोंडाला फडकं, माणूस चांगला होता. टॉर्च घेऊन तासभर सगळ्या घरात गुडघ्यावर फिरला. स्वयंपाकघरात ओट्याखाली झुरळं सापडली, तिथं त्यानं जेलचे ठिपके लावले. बाथरूमच्या चौकटीला वाळवीची एक रेघ दाखवली. "कुत्रं-मांजर हाय का घरात?" म्हणाला. नाही म्हटल्यावर पिसवांचाही प्रश्न मिटला. शेवटी अव्वाच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "पावणं, ढेकूण असता तर मी लिहून दिला असता. न्हाय त्यो. पर मनाच्या समाधानाला फवारून देतो."

अव्वाला ते फवारणं मान्य नव्हतं. ती दिवस मावळायच्या आत जेवणारी, पाणी गाळून पिणारी बाई. आयुष्यात तिनं मुंगीच्या रांगेवर पाय दिला नाही. पण तिला त्रासही सोसवत नव्हता. फवारायच्या दिवशी ती काठी घेऊन देवळात गेली आणि तीन तास तिथंच बसून राहिली. परत आल्यावर मला म्हणाली, "मारायचं न्हाय असं मी म्हणतो, आन तुमच्याकडनं मारून बी घेतो. ह्ये काय बरं न्हाय."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी जातो, मी म्हणतो. अव्वाही तसंच बोलायची.

फवारणीनंतर चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी परत सुरू. दुसरी फवारणी केली. त्यानंतरही तेच.

मग त्वचेच्या डॉक्टरांकडं. त्यांनी पुरळ बघितलं, खरूज असू शकते म्हणाले, आणि घरातल्या सगळ्यांनी मानेपासून पायापर्यंत लावायचं मलम दिलं. खरूज हा शब्द ऐकूनच बायकोचा चेहरा उतरला. शाळेत कळलं तर काय, या धास्तीनं तिनं आठ दिवस मुलांच्या वह्यासुद्धा घरी आणल्या नाहीत. आम्ही तिघांनी मलम लावलं. आम्हा दोघांना आधी काही नव्हतं, नंतरही काही झालं नाही. अव्वाचं खाजणं चालूच राहिलं. दुसऱ्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "वयानं कातडी कोरडी पडते. खाजवून खाजवून ही जखम होतीय. खोबरेल लावा."

अव्वा खुर्चीतून उठली नाही. "डाक्टर, मी बघितलाय त्यो. चालतोय. मला दिसतोय."

डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो. ते हसणं मला आज आठवलं की मान खाली जाते.

त्यानंतर अव्वानं एक उपाय काढला. तिच्याकडं एक जुनी कुंकवाची डबी होती, वडील गेल्यापासून रिकामी. अंगावर काही फिरल्यासारखं झालं की ती ओलं बोट टेकवायची, बोटाला लागलेलं डबीत झटकायची आणि झाकण लावायची. मारायची नाही. चार दिवसांनी डबी माझ्या हातात दिली.

"हेच्यात हाय. बघ, आन बघून झालं की झाडाखाली सोडून दे."

मी उघडून बघितलं. कापसाचे तंतू, कातडीचे पापुद्रे, दोन-तीन दोरे, थोडी धूळ. ट्यूबलाइटखाली धरून नुसत्या डोळ्यांनी बघितलं आणि झाकण लावलं.

त्या सुमारास आमच्या एका ओळखीच्यांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. मी आधी एकटाच जाऊन भेटलो. सगळं सांगितलं आणि ती डबी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी डबी हातातही घेतली नाही. शांतपणे म्हणाले, "ही डबी आणणं हेसुद्धा या आजाराचं एक लक्षण असतं. अंगावर किडे फिरतात असं वाटतं, पुरावा म्हणून धूळ गोळा करतात. नवरा गेलाय, गाव सुटलंय, दिवसभर घरात एकट्या. होतं असं. घाबरू नका, गोळ्यांनी फरक पडतो."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. इतके दिवस नाव नसलेल्या गोष्टीला नाव मिळालं होतं. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये मी ती डबी उघडून उताणी केली, झटकली आणि खिशात टाकली.

पुढच्या भेटीत अव्वाला झोपेचे डॉक्टर म्हणून दाखवलं, आणि गोळ्याही झोपेच्या म्हणून दिल्या. खोटं बोललो. ती निमूट घ्यायला लागली.

एप्रिल संपता संपता मामा आला. अव्वाचा धाकटा भाऊ, नृसिंहवाडीच्या अलीकडं नदीकाठच्या गावात त्याची शेती आहे. बहिणीचे हात बघून म्हणाला, "आक्का, चल माझ्याकडं पंधरा दिवस." ती गेली. तिकडं तिसऱ्याच दिवशी खाज थांबली. मामाचा फोन आला, "अगदी बरी हाय. पुरळ वाळलं की सगळं."

मी ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, "बघा, वातावरण बदललं, माणसं भेटली, मन रमलं." मला ते इतकं पटलं की मी बायकोला तेच वाक्य घरी येऊन सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्रास आपल्या घरात आहे असा अर्थ नाही का होत?" मी म्हटलं, होतो की, आपल्या घरात ती एकटी पडते. दिवसभर शाळेत असल्याचं बायकोला आधीच टोचत होतं, त्यात मी आणखी एक खिळा मारला.

पंधरा दिवसांनी अव्वा परत आली आणि त्याच आठवड्यात पुरळ परत उठलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली.

त्या मोठ्या गोळीनं ती बदलली. सकाळी नऊपर्यंत उठेना. पोथी उघडून बसायची आणि तेच पान तासभर तिच्यासमोर असायचं. उजवा हात थरथरायला लागला, पेल्यातलं पाणी सांडायला लागलं. बोलणं जड झालं. पण खाजवणं काही थांबलं नाही. झोपेतसुद्धा तिची बोटं कमरेशी जायची.

एका रविवारी माझी चुलत बहीण आणि तिचा नवरा भेटायला आले होते. चहा चालू असताना अव्वानं पोलक्याची बाही वर केली आणि पाहुण्यांसमोर दंड धरला. "बघ गं, तू तरी बघ. ह्ये लोक म्हणत्यात काय न्हाय."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी मोठ्यांदा ओरडलो, "अव्वा, पुरे आता! कुठं काय न्हाय. तुझ्या डोक्यात हाय त्ये सगळं!"

अव्वानं बाही खाली ओढली. हात थरथरत होता म्हणून तिला ती नीट ओढता येईना, तेव्हा बायकोनं उठून ओढून दिली. अव्वा माझ्याकडं बघत म्हणाली, "म्हंजे मी येडी झालो म्हणतोस व्हय?"

मी पाहुण्यांचे कप उचलून आत गेलो.

पाहुणे गेल्यावर मी नातेवाइकांना फोन केले. लोकांना बाहेरून कळण्यापेक्षा आपण सांगावं, असा माझा विचार होता. बहिणीला, दोन्ही काकूंना, आत्याला, मुलाला. सगळ्यांना सारखंच सांगितलं, अव्वाला भास होतात, तिनं काही सांगितलं तर हो म्हणा. भिंत पातळ आहे आमच्याकडं. ती आत ऐकत असणार हे मला तेव्हाही माहीत होतं.

जूनच्या सुरुवातीला तीच म्हणाली, "मला भावाकडं सोड. आता परत आणू नको." मी सोडून आलो. गाडीत ती मागच्या सीटवर बसली.

त्यानंतर आठच दिवसांत मला ताप आला. साधा व्हायरल, पण बायकोची शाळा नुकतीच सुरू झाली होती, तिला लागण नको म्हणून मी अव्वाच्या खोलीत झोपायला गेलो. पहिला दिवस ग्लानीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला होता, घाम येऊन गेला होता, आणि मी छताकडं बघत पडलो होतो. तेवढ्यात मानेवर काहीतरी चाललं.

मी हात मारला. काही नाही. थोड्या वेळानं कोपराच्या आत काहीतरी फिरलं, आणि मग बारीक, सुई टोचल्यासारखी चुणचुण.

मी उठून बसलो. खरं सांगतो, पहिला विचार किड्याचा आला नाही. वाटलं, अव्वाचा आजार आता मला लागला. असले भास घरातल्या दुसऱ्याला होऊ शकतात असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. हाताकडं बघायचं धैर्य होईना. मग फोनचा टॉर्च लावला.

हातावर एक ठिपका होता. करड्या रंगाचा, खसखशीपेक्षाही बारीक. मी श्वास रोखून बघितलं. तो ठिपका चालत होता.

टेबलाच्या खणात मुलाची जुनी चिकटपट्टी होती. तुकडा तोडून हातावर दाबला, उचलला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवला. मग उशीच्या अभ्र्यावर टॉर्च धरला. आणखी दोन सापडले. पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीखाली, पाच-सहा. बायकोनं इतकी बारीक नजर फिरवली होती, पण ती गादीत शोधत होती. भिंतीच्या रंगावर हा जीव दिसायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी अंगात कणकण होती तरी मी कामावर गेलो. लॅबमध्ये कागद मायक्रोस्कोपखाली ठेवला, सगळ्यात कमी ताकदीची लेन्स लावली आणि फोकस फिरवला. आठ पाय. फुगीर, लांबट अंग, अंगावर तुरळक केस, आणि पोटात काळपट लाल. तो लाल रंग माझ्याच रक्ताचा होता.

मी खुर्चीवर मागं टेकलो. ती कुंकवाची डबी माझ्या हातात पूर्ण एक आठवडा होती. मी रोज ज्या यंत्रासमोर आठ तास बसतो ते यंत्र, आणि ती डबी. मी ती शिरोलीला आणायची सोडून पार्किंगमध्ये झटकली होती.

आमच्या लॅबमध्ये एक ज्येष्ठ सहकारी आहेत, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचे. घरी कोंबड्या पाळतात. त्यांना मी काही न सांगता नुसतं बघायला लावलं. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं आणि सहज म्हणाले, "साहेब, ह्ये खुराड्यातलं की. आमच्याकडं कोंबड्यांच्या अंगावर असतंय. कोंबड्या काढल्या आन खुराडं रिकामं पडलं की माणसाच्या अंगावर चढतंय. तुम्ही कोंबड्या कवापासनं पाळायला लागला?"

"आम्ही? जैनाच्या घरात कोंबड्या?"

"मग पक्षी असणार कुठला तरी. बघा जवळपास."

आणि मला आठवलं. खरं तर हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण माझ्याही डोक्यात ते त्या क्षणीच आलं. अव्वाच्या खिडकीबाहेर लोखंडी ग्रिल आहे, त्यात एक जुनी फळी आणि फुटकी कुंडी पडून होती. थंडीत कबुतरानं त्या कुंडीमागं काड्या जमवून दोन अंडी घातली. बायको ते काढून टाकणार होती. अव्वानं हात धरला. "अंडी हायत त्येच्यात. पिल्लं उडून जाऊ देत, मग काढ." पिल्लं झाली, मोठी झाली, आणि जानेवारीच्या शेवटी उडून गेली. बायकोनं ग्रिलचा पुढचा भाग झाडला, पण फळीमागं हात पोचत नव्हता म्हणून ते तसंच राहिलं. मग ऊन वाढलं, आम्ही पडदा कायमचा ओढून घेतला. खिडकीची काच मात्र वाऱ्यासाठी बोटभर उघडी असायची. अव्वाची पहिली तक्रार फेब्रुवारीतली.

त्या संध्याकाळी मी ग्रिलमधून फळी ओढून काढली. मागं हाताच्या पंजाएवढा जाड थर होता. काड्या, पिसं, विष्ठा, एक फुटलेलं अंडं. उन्हाळ्यात पडद्यामागं कबुतरांनी तिथं परत अंडी घालून पिल्लं काढली होती आणि तीही उडून गेली होती. आम्हाला पत्ता नव्हता. टॉर्च मारला तर तो सगळा थर बारीक हलत होता. बायको मागं उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. "मी अव्वांना मलमानं घासलं हो," एवढंच म्हणाली.

पेस्ट कंट्रोलवाला तिसऱ्यांदा आला. घरटं पिशवीत बांधून नेलं, ग्रिल साबणाच्या पाण्यानं धुतलं, चौकटीच्या फटीत आणि बाहेर औषध मारलं. "माझं बी चुकलं की पावणं," तो म्हणाला. "मी आतच बघत बसलो, खिडकीच्या बाहेर डोकंच काढलं न्हाय."

मनाच्या डॉक्टरांना जाऊन कागदावरचा किडा आणि फोनमध्ये काढलेला फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ फोटो बघितला. मग म्हणाले, "मी डबी उघडायला हवी होती." बाकी कुठलंही कारण त्यांनी सांगितलं नाही. गोळी एकदम न थांबवता हळूहळू कशी कमी करायची ते लिहून दिलं.

त्या रविवारी मी मामाकडं गेलो. अव्वा पुढच्या सोप्यात बसून शेंगा सोलत होती. हात अजून थरथरत होता, त्यामुळं दाणे सुपाबाहेर पडत होते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. किड्याचे पाय, खुराडं, फळी, थर. फोटो दाखवला. तिनं चष्मा चढवून बघितला.

"ह्योच," ती म्हणाली. "असाच हाय. मी सांगत हुतो."

"व्हय अव्वा. तू खरं सांगत होतीस."

"पिल्लं हुती काय घरट्यात?"

"न्हाय. उडून गेलती."

"आन ह्ये?" तिनं फोटोवर बोट ठेवलं.

"मारावे लागले."

ती थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "त्ये घरटं मीच राखलं. तुझ्या बायकोनं काढलं असतं."

तिनं तसं म्हणावं हे मला नको होतं. मी घाईघाईनं म्हणालो, "तुझी काय चूक न्हाय त्यात. चूक माझी. मला बघता येत होतं आन मी बघितलं न्हाय. त्या गोळ्यासुद्धा झोपेच्या नव्हत्या, अव्वा."

"म्हाईत हाय मला. डाक्टरच्या चिठ्ठीवर काय लिवलंय त्ये मेडिकलवाल्याला इचारलंतं मी."

म्हणजे तिला माहीत होतं आणि तरीही ती गोळ्या घेत राहिली. का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तिलाही तेव्हा स्वतःचा भरवसा वाटेनासा झाला होता का, की मुलाचं मन राखायचं होतं? दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला ते ऐकवणार नाही.

"घरी चल," मी म्हणालो. "सगळं धुतलंय. जाळी बसवून घेतली."

"येतो. पर आधी एक काम कर." तिनं सूप बाजूला सारलं. "मला भास हुत्यात म्हणून तू सगळ्यास्नी फोन केलतास. मी ऐकलंय. आता त्येच सगळ्यास्नी परत फोन कर. हितं, माझ्यासमोर. आन खरं काय त्ये सांग."

"घरी गेल्यावर करतो की."

"हितं."

मामा दारात उभा होता. तो आत जाऊन माझ्या फोनसाठी चार्जर घेऊन आला.

मी एकेक फोन लावला. स्पीकर चालू ठेव, असं अव्वानं सांगितलं. बहीण ऐकून रडली, मग माझ्यावर चिडली, "तू इंजिनिअर ना रे?" म्हणाली. मी इंजिनिअर नाही, डिप्लोमा झालेला आहे, पण ते सांगायची वेळ नव्हती. थोरल्या काकूंना नीट ऐकू येत नाही, त्यांना तीन वेळा ओरडून सांगावं लागलं, "भास न्हाय, काकू! किडा होता! कबुतराचा किडा!" शेजारच्या घरातली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. धाकट्या काकू म्हणाल्या, "बरं बरं, असू दे, तब्येतीला जपा म्हणावं." त्यांना ते पटलं नव्हतं हे अव्वाला कळलं आणि मलाही. आत्यानं फोन उचलला नाही. मुलगा पुण्याहून नुसतं "सॉरी आज्जी" म्हणाला. शेवटी त्या चुलत बहिणीला फोन लावला, जिच्यासमोर मी ओरडलो होतो. अव्वानं माझ्याकडं बघितलं नाही, ती सुपातले दाणे निवडत होती.

शेवटचा फोन झाल्यावर म्हणाली, "आत्याचा लागला न्हाय."

"उद्या लावतो."

"लाव."

मी दुसऱ्या दिवशी लावला.

ती लगेच आली नाही. आणखी सव्वा महिना मामाकडंच राहिली. गोळी कमी होत गेली तसं बोलणं मोकळं झालं, सकाळी उठायला लागली, पोथीचं पान उलटायला लागलं. हाताचा थरथराट कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. डॉक्टर म्हणतात जाईल, वेळ लागेल. आता ते म्हणतात ते मी लिहून घेतो आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनाही विचारतो.

आल्यावर ती त्या खोलीत झोपायला तयार झाली नाही. आम्ही खोलीला रंग दिला, पलंग नवा आणला, खिडकीला जाळी होतीच. मी स्वतः आठ रात्री तिथं झोपून दाखवलं. "तू झोप की," ती म्हणाली. "मला हाल बरा." हॉलमध्ये टीव्हीशेजारी तिची कॉट आहे. संध्याकाळी जेवण लवकर आटपून ती तिथं पडते, आणि आम्ही टीव्हीचा आवाज बारीक करतो. खोली रिकामीच आहे.

बायकोशी तिचं पूर्वीपेक्षा जास्त जमतं. दोघी मिळून पापड लाटतात, देवळात जातात. माझ्याशी ती नीट बोलते, रागानं बोलत नाही, ताटात काय कमी-जास्त ते विचारते. पण अंगाचं काही दुखलं-खुपलं तर ते मला सांगत नाही. परवा गुडघा सुजला होता, ते मला दोन दिवसांनी बायकोकडून कळलं. मी कामावरून आल्यावर तिच्या कॉटशेजारी बसून म्हणालो, "अव्वा, मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं की हिला," ती म्हणाली, आणि गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं.

मी तेलाची बाटली आणून तिथंच बसलो. थोड्या वेळानं तिनं पाय पुढं केला.